दोघांपुरती लाल गाडी

परुळेकरांच्या घरी मोटार येणार हे ठरलं होतं. कुठली, एवढाच प्रश्न होता, आणि असा काही प्रश्न आहे हेसुद्धा नलिनीला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, श्यामसुंदरनं मारुतीसाठी नंबर लावला होता. मुलुंड पूर्वेला त्यांच्या सोसायटीत त्या साली ज्याला त्याला नंबर लावायची हुक्की आली होती. पुढे सगळे विसरले, श्यामसुंदरही विसरला असावा. आणि शहाऐंशीच्या ऑक्टोबरात पत्र आलं की तुमचा नंबर लागला आहे, महिन्याच्या आत कळवा. क्षमानं, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं, ते पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं आणि पांढरी घ्यायची, पांढरीच, असं जाहीर करून टाकलं. श्यामसुंदरचा धाकटा भाऊ नंदू भांडुपहून पेढे घेऊन आला.

"दादा, आता मागे-पुढे बघू नको," तो म्हणाला. "लोक दहा-दहा हजार वर देऊन घेतायत रे. चावी हातात पडली की तू राजा."

श्यामसुंदर हसला. तो मुळात कमी बोलणारा माणूस. भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात तेवीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून त्याची मान किंचित उजवीकडे कलती झाली होती. घरात कोणती भाजी आवडते हेसुद्धा त्यानं कधी आपणहून सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आधी लालबागच्या मामाची टॅक्सी तो रविवारी चालवायचा, तेवढाच त्याचा मोटारीशी संबंध. लायसन्स मात्र त्यानं दर वेळी न चुकता रिन्यू केलं होतं. कशासाठी, हे नलिनीनं कधी विचारलं नव्हतं.

पेढे खाताना नलिनीच्या मनात मात्र एकच विचार होता, की ती गाडी दाराशी आली तरी आपण तिच्यात बसणार नाही.

नलिनीला गाडी लागायची. अगदी लहानपणापासून. बस सुरू झाली, डिझेलचा वास आणि रेक्झिनचा वास एकत्र झाला, की दुसऱ्या वळणाला तिच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि चौथ्या वळणाला पिशवी उघडायला लागायची. लिंबू, लवंग, आलेपाक, मेडिकलवाल्याची गोळी, नाभीवर चिकटवायचा कागद, सगळं करून झालं होतं. लग्न होऊन आचऱ्याहून मुंबईला येताना नवी नवरी एस.टी.त पोलादपूरपर्यंत ओकत आली होती, आणि श्यामसुंदरनं तिच्या कपाळावर ओला रुमाल धरला होता. दोघांची ओळख म्हणाल तर ती तिथेच झाली. आगगाडीत तिला काही होत नसे, पण आगगाडी आचऱ्याला जात नव्हती. बोटीत तर विचारूच नका.

म्हणून तिनं आयुष्य पायी जाण्याच्या अंतरात आखून घेतलं होतं. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचं काम, ते स्टेशनच्या पलीकडे, घरापासून वीस मिनिटं चालत. दोन वर्षांपूर्वी बढती मिळत होती, मानखुर्दला. कुर्ल्याहून हार्बरच्या लोकलनं गेलं तरी पुढे रोज बस होती. तिनं लेखी नकार दिला आणि कारण लिहिलं, 'घरगुती'. आईकडे आचऱ्याला जाऊन तिला चार वर्षं होत आली होती.

पेढे संपल्यावर तीनएक दिवसांनी श्यामसुंदर जेवता जेवता म्हणाला, "रविवारी गोरेगावला येशील का? एक गाडी बघायची आहे."

"मारुतीची एजन्सी गोरेगावला आहे?"

"नाही," तो म्हणाला. ताटातल्या भाताचं त्यानं आळं केलं, मोडलं, परत केलं. "वेगळीच आहे. नुसती बघायची."

क्षमाला मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून दोघंच गेली. दादरला गाडी बदलून गोरेगावला उतरली आणि पूर्वेला चालत निघाली. वाटेत श्यामसुंदरनं थोडं थोडं सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी कारखान्यानं त्याला एका सिनेमाच्या स्टुडिओत पाठवलं होतं. कॅमेरा वर-खाली करायच्या ट्रॉलीचा एक भाग मोडला होता, त्याचं माप घ्यायला. तिथल्या गाड्यांच्या शेडमध्ये ती उभी होती. शेड सांभाळणारा राजाराम आता रिटायर झाला होता आणि मालकानं त्याला जाताना ती गाडी देऊन टाकली होती. तो ती विकायची म्हणत होता.

"म्हणजे सहा महिने तुम्ही..."

"दोन-तीनदा जाऊन आलो. ओव्हरटाइम होता म्हणालो तुला. तो नव्हता."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत हे त्याचं पहिलं खोटं असावं. नलिनीला राग यायला हवा होता. तिला त्याच्या चालण्याकडे बघून नवल वाटत होतं, कारण तो भराभर चालत होता.

राजारामचं घर चाळवजा होतं, मागे पत्र्याची शेड. त्यानं ताडपत्री ओढली. गाडी लाल होती, विलायती बनावटीची, दोन दारांची आणि दोनच सीटची. इतकी ठेंगणी की नलिनीच्या कमरेपर्यंतही येत नव्हती. वर लोखंडी टप नव्हताच, मागे घडी करून ठेवलेलं काळं कापड. नाकावरचं कंपनीचं नाव केव्हाच गळून पडलं होतं. बॉनेट लांब, डिकी आखूड, आणि दोन्हींच्या मधून एक रेघ अशी काही सुरेख वळून गेली होती की श्यामसुंदरचा हात आपोआप तिच्यावरून फिरला. तो तिच्याकडे ड्रॉइंगकडे बघावं तसा बघत होता. ही रेघ कुणीतरी काढली असणार, कागदावर, पेन्सिलीनं, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं.

"सतरा पिक्चरांत होती ही," राजाराम म्हणाला. "पण चालली कमी. हिरोला कुठं चालवता येते? पुढे ट्रक लावून दोरीनं ओढायचो, आणि तो नुसता स्टिअरिंग हलवायचा. इंजिन बघाल तर कोरं." मग तो नलिनीकडे वळला. "तुमी खयच्या, वयनी?"

"आचऱ्याची मी. माहेर."

"अरे वा. मी चिंदरचो. म्हंजे शेजारीच की." आणि एकदम मोकळा होत तो म्हणाला, "बसा. आरेतसून एक चक्कर मारून येवा. माका बसाक जागाच नाय, म्हंजे तुमी दोघांच जावा."

नलिनीनं मान हलवली. श्यामसुंदर हळूच म्हणाला, "पाचच मिनिटं. मळमळलं तर लगेच थांबवतो."

त्या गाडीत बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखं होतं. साडी सावरत आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. पदर डोक्याला घट्ट बांधून तिनं पर्समधला आलेपाक तोंडात टाकला आणि पिशवी मांडीवर उघडी धरली. गाडी निघाली. आरे कॉलनीचा रस्ता लागला. झाडं वरून भराभर मागे जाऊ लागली आणि गोठ्यांचा शेणा-दुधाचा आंबूस वास सरळ तोंडावर आला. आता झालंच, असं म्हणून ती वाट बघत राहिली. एक वळण गेलं, चढ गेला. श्यामसुंदरनं गिअर बदलला तेव्हा इंजिनाचा आवाज खाली उतरून भरदार झाला. त्याची मान सरळ होती.

परत राजारामच्या दारात आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आलेपाक विरघळून गेलाय आणि पिशवी मांडीवर तशीच कोरी आहे.

पाच मिनिटांत कुणालाच काही होत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

घरी मात्र बोलणं झालं, आणि बरंच झालं. ऐपत एकाच गाडीची होती. त्या संध्याकाळी नंदू येऊन थडकला आणि गाडीचं वर्णन ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"दादा, वाट लागेल. पार्ट कुठून आणणार तू? पावसात काय करणार? आणि दोन सीट? घरात माणसं तीन आणि गाडीत सीट दोन, हा कुठला हिशेब? वहिनी, तुम्ही तरी सांगा ना."

"मी काय सांगू," नलिनी म्हणाली.

क्षमा भिंतीला टेकून ऐकत होती. ती उठली आणि वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, मी कुठे बसायचं?"

श्यामसुंदरनं टेबलावरचं मारुतीचं पत्र सरळ करून ठेवलं.

"म्हणजे तुम्ही गाडी बघितलीत, सहा महिने बघितलीत, आणि मी कुठे बसणार हे एकदाही मनात आलं नाही?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं नलिनीला वाटलं. "घ्या तुम्ही. मला काय, मी बसनं जाते."

ती आत गेली. नंदूनंही फार ताणलं नाही, चहा पिऊन गेला. रात्री अंथरूण घालताना श्यामसुंदर म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मारुतीचा फॉर्म उद्या भरतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं फॉर्म भरून, सही करून कपाटावर ठेवला. चेकबुक बँकेतून यायचं होतं, ते आलं की पाठवायचा. आणि तो पूर्वीसारखा झाला. तक्रार नाही, उसासा नाही. नलिनीला तेच सोसवेना. तो चिडला असता, जेवला नसता, तर तिला समजूत काढता आली असती. पण जो माणूस काही मागतच नाही त्यानं एकदा मागितलं आणि हळूच मागे घेतलं, तर त्याची समजूत काढायची कशी?

त्याच आठवड्यात आचऱ्याहून पत्र आलं. आईचं, कृष्णाबाईंचं, पण अक्षर शेजारच्या मास्तरांचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन कणकवलीला झालं, डावा डोळा बरा दिसतो आहे, उजव्याचं पुढच्या वर्षी. शेवटी मास्तरांनी आईचं बोलणं होतं तसंच उतरवलं होतं: 'तू येव नको. तुका गाडी लागता, उगाच हाल करून घेव नको. माका आता एका डोळ्यान दिसता, तुझो फोटो असा तो बघतंय.'

नलिनीनं ते पत्र ऑफिसात वाचलं. समोर काउंटरवर एक माणूस मुलीच्या जन्माचा दाखला घ्यायला उभा होता. मुलीचं नाव काय म्हणून तिनं त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ऐकलं नाही.

आई कधीच 'ये' म्हणाली नव्हती. ऑपरेशन झालं तेही नंतर कळवलं होतं. आपल्याला गाडी लागते ही गोष्ट आपल्या माणसांनी इतकी मानून घेतली आहे की ती आता आपली जातकुळी झाली आहे, असं नलिनीला वाटलं. आणि मग, पहिल्यांदाच, आरेतली ती कोरी पिशवी तिला आठवली.

संध्याकाळी श्यामसुंदर कारखान्यातून आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"चेकबुक आलं?"

"आलं. उद्या टपालात टाकतो."

"टाकू नका. गुरुवारी रजा घ्या. मला घोडबंदरचा रस्ता करायचा आहे, त्या लाल गाडीतून."

"घोडबंदर? अगं, तिथे वळणं किती आहेत."

"म्हणूनच. तिथे मला काही झालं नाही तर आचऱ्यालाही होणार नाही. आणि झालं तर विषय संपला. मग मारुती घ्या, क्षमाला बसवा, मी घरी बसते."

"तू माझ्यासाठी हे करू नकोस, नलिनी."

"तुमच्यासाठी नाही करत," ती म्हणाली. ते निम्मं खरं होतं.

राजारामनं चावी देताना एक शब्द विचारला नाही, नुसती पेट्रोलची टाकी ठोकून बघितली. हायवेनं बोरिवली गेली, दहिसर गेलं, आणि मग गाडी उजवीकडे वळून खाडीच्या अंगानं धावू लागली. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला पाणी. नोव्हेंबरचं ऊन अंगावर येत होतं. नलिनीनं या खेपेला तोंडात काहीच टाकलं नव्हतं, परीक्षा म्हणजे परीक्षा. पहिली चार वळणं तिनं दाराची कड घट्ट धरून काढली. पाचव्याला तिच्या ध्यानात आलं की रस्ता आपल्याला आधी दिसतो. बसमध्ये पुढच्याच्या डोक्यामागे काय आहे ते कळायच्या आत पोट हलायचं. इथे वळण येताना दिसत होतं, येत होतं, जात होतं, आणि वारा एकही वास टिकू देत नव्हता.

"कसं वाटतंय?" श्यामसुंदर दर मैलाला विचारत होता.

"विचारू नका. विचारलंत की होईल."

ठाण्याला पोचली तेव्हा ती हसत होती. टपरीवर दोघांनी चहा घेतला. चहावाल्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि शूटिंग कुठे आहे म्हणून विचारलं. श्यामसुंदरनं मुलुंड म्हणून सांगितलं, आणि तो असा खोडसाळपणा करू शकतो हे नलिनीला नव्यानंच कळलं.

येताना मात्र घाटात पुढे रेतीचा ट्रक आला. भरलेला, पाणी गळत असलेला, चढाला कण्हत चाललेला. समोरून वाहनं येत होती, पुढे काढायला जागा नव्हती. आणि गाडी ठेंगणी असल्यामुळे ट्रकचा सायलेन्सर अगदी तोंडासमोर आला. काळ्या धुराचा लोट थेट दोघांच्या अंगावर. श्यामसुंदरनं वेग कमी केला तर मागचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला. नलिनीनं पदर नाकाला लावला, डोळे मिटले, उघडले. तोंडाला पाणी सुटलं. पिशवी पायाशी होती, तिथवर हात जाईपर्यंत उशीर झाला. तिनं दारावरून मान बाहेर काढली आणि जे व्हायचं ते झालं.

श्यामसुंदरनं पहिली जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. थर्मासमधलं पाणी दिलं. रुमाल ओला करून तिच्या कपाळावर धरला. रस्त्याकडेच्या दगडावर ती बराच वेळ बसून राहिली. साडीच्या काठावर डाग पडला होता आणि गाडीच्या लाल दारावरून एक ओघळ खाली गेला होता.

"जाऊ दे," तो म्हणाला. "प्रयत्न केलास. मला तेवढं पुरे आहे. खरंच सांगतो, पुरे आहे. उद्या मारुतीचा फॉर्म टाकतो."

नलिनी उठली. तिनं थर्मासमधलं उरलेलं पाणी दारावर ओतलं आणि त्याच्याच रुमालानं दार पुसायला लागली. पुसताना तिचा हात त्या वळणाऱ्या रेघेवरून दोनदा गेला.

"बोरिवलीपासून वळणं किती झाली?" तिनं विचारलं.

"मोजली नाहीत."

"मी मोजत होते. येता-जाता धरून त्रेपन्न. आणि एकाही वळणाला काही झालं नाही. झालं ते धुरानं झालं. धुराला वळण लागत नाही. सरळ रस्त्यावरही झालं असतं."

"पण झालं ना."

"झालं. मग?" ती त्याच्याकडे वळली. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज ऑफिसातला होता, काउंटरपलीकडच्या माणसाला नियम समजावतानाचा. "आचऱ्याला जाताना दोनदा होईल, तीनदा होईल. बसमध्ये वीसदा होतं. तुम्ही थांबवाल, मी तोंड धुवीन, परत बसेन. एस.टी.वाला थांबतो का माझ्यासाठी? बंद काचांच्या गाडीत मी दाराशी बसूनच ओकेन, मग ती मारुती असो नाहीतर कुणाची असो. ही घ्यायची."

"आणि क्षमा?"

तिनं रुमाल पिळला. "तिच्याशी मी बोलते," ती म्हणाली.

बोलणं सोपं गेलं नाही. क्षमानं सगळं ऐकून घेतलं, आजीचं पत्र वाचलं, आणि तरी म्हणाली, "आई, तुला आजीकडे जायचंय हे मला कळतं. तू म्हणतेस ते खरंही आहे. पण मला वाईट वाटतंय तेही खरं आहे ना?"

"आहे," नलिनी म्हणाली.

"मग मला थोडे दिवस वाईट वाटू दे."

तिनं मुलीच्या केसांना तेल लावून दिलं, आणि क्षमानं लावून घेतलं.

मारुतीचा नंबर सोडून दिला तेव्हा नंदू पंधरा दिवस फिरकला नाही. गाडी सोसायटीत आली त्या दिवशी सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. फक्त परुळेकरांच्या गॅलरीत कुणी नव्हतं. क्षमा आत अभ्यास करत होती. पुढे एका संध्याकाळी श्यामसुंदर गाडी पुसत असताना ती खाली आली, दुसरं फडकं उचललं आणि मागचे दिवे पुसू लागली. बापलेक मग पवईपर्यंत जाऊन आली. वाटेत काय बोललो, हे दोघांनीही सांगितलं नाही, आणि नलिनीनं विचारलं नाही. जेवताना क्षमा एवढंच म्हणाली, "थर्ड गिअर अडकतो जरा."

नाताळच्या सुटीत जायचं ठरलं. प्रश्न तिसऱ्या माणसाचा होता, आणि तो क्षमानंच सोडवला. "मी एस.टी.नं जाते. मला कुठे गाडी लागते? तुम्ही या तुमच्या राजेशाही थाटात." ती एकटी पहिल्यांदाच इतकी लांब निघाली होती. श्यामसुंदर तिला बसवायला गेला तेव्हा त्याचा चेहरा नलिनीला बघवेना, पण क्षमाचा चेहरा उजळला होता.

लाल गाडीला आचऱ्याला पोचायला दोन दिवस लागले. नलिनीला पेणच्या पुढे एकदा उलटी झाली, तेही पुढच्या टँकरमुळे, आणि कशेडीच्या घाटात एकदा, कशामुळे ते सांगता येणार नाही. दोन्ही वेळा श्यामसुंदरनं गाडी सावलीत घेतली आणि नलिनीचा रंग परत येईपर्यंत तो बॉनेट उघडून उगाच काहीतरी बघत उभा राहिला. चिपळूणला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी राजापूरच्या पुढे तिला एकदम भूक लागली. रस्त्यावर, गाडीत बसलेली असताना, भूक. वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी हे पहिल्यांदाच घडत होतं. तिनं गाडी थांबवायला लावून दोन उसळपाव खाल्ले आणि तिसरा बांधून घेतला.

घराच्या पाणंदीत गाडी शिरली तेव्हा क्षमा दारापुढच्या खळ्यात उभी होती. ती आदल्या दिवशीच पोचली होती आणि आजीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली होती. कृष्णाबाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. नलिनीनं वाकून पाय धरले. म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन अगदी जवळून, डाव्या डोळ्यानं, निरखून बघितला.

"इलंस तू," ती म्हणाली. "हाल झाले?"

"दोनदाच."

"दोनदाच?" कृष्णाबाई हसल्या. मग त्यांनी मान वळवून लाल गाडीकडे बघितलं. "आणि ह्या काय? होडी हाडलास काय गो?"

"बसून बघा, आई," श्यामसुंदर म्हणाला. सासूशी तो कधी आपणहून बोललेला नव्हता.

दोघींनी धरून म्हातारीला आत बसवलं. गुडघे दुखत होते, पण एकदा खाली टेकल्यावर त्या ऐसपैस पाय पसरून बसल्या. श्यामसुंदरनं शेजारी बसून त्यांना देवळापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर नलिनीनं हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

"ऱ्हवांदे. परत उठाक, परत बसाक, कित्याक? माका हयच बरा वाटता."

तोवर वाडीत बातमी फिरली होती. मास्तर आले, मागच्या घरची शेवंती आली, पाठोपाठ तिच्या सुना. कृष्णाबाई गाडीत बसूनच सगळ्यांशी बोलत होत्या. ऑपरेशन कसं झालं ते सांगत होत्या, जावई शेजारी बसून नेतो हे सांगत होत्या, कुणाला बॉनेटला हात लावू देत नव्हत्या. क्षमानं त्यांना तिथेच चहा नेऊन दिला. ऊन माडांच्या मागे गेलं तरी त्या उतरायचं नाव घेईनात, तेव्हा नलिनीनं आतून पाट आणला, गाडीच्या दाराशी टाकला, आणि आईजवळ बसून ती तांदूळ निवडू लागली.